मातीत लावलेल्या विटा

एजंट : ते सगळं राहू द्या हो मिस्त्री. घर घेणारी पार्टी आत शिरली की आधी तिचं नाक चालतं, मग डोळे. ओलीचे डाग झाका, मोरीतल्या नळाची टपटप थांबवा, बाहेरून रंगाचा एक हात मारा. बास झालं.

गवंडी : ओल झाकून थांबत नाही. ती गच्चीतून उतरलीय. काम वरून करावं लागेल.

एजंट : ते घेणारा बघेल ना! तुम्हाला थोडंच इथं राहायचंय?

बायको : राहायचं होतं तेव्हा तरी कुठं केलं.

गवंडी : अगं, माणसासमोर कशाला...

बायको : खोटं आहे का? अर्ध्या गावाची घरं ह्यांनी बांधली, आणि आमच्या मोरीचा नळ अजून चिंधी बांधून आहे. आता विकायचं म्हटल्यावर नवा नळ येणार. तो मी फिरवायचासुद्धा नाही, पार्टीसाठी ठेवायचा.

एजंट : काकू, तुम्ही दमलात. बसा जरा.

बायको : दमले नाही रे, दम लागतो. दोन्हींत फरक आहे. म्हणून तर चाललोय मुलाकडे. दवाखाना त्याच्या घरासमोर आहे. नाहीतर हे घर सोडायची हौस कुणाला आलीय?

एजंट : बरं, एक शेवटचं सांगतो. खरी अडचण ह्या स्वयंपाकघराची आहे. भर दुपारी दिवा लावावा लागतो. ह्या ओट्यामागच्या भिंतीत एक खिडकी पाडली ना...

बायको : अरे देवा!

एजंट : का हो? काय झालं?

बायको : काही नाही, बोल तू. मी म्हटलं की कटकट असते, तू म्हटलास की सल्ला. पण ते व्हायचं नाही बाबा. त्या भिंतीवर सगळ्या घराचा भार आहे. हात लावला की छत डोक्यावर येईल. विचार ह्यांना. मला पाठ झालंय.

एजंट : असं असेल तर माझ्या ओळखीचा एक कंत्राटदार आहे. आधी टेकू देईल, मग वर लोखंडी तुळई टाकेल. आठवडाभर धूळ होईल, पण...

गवंडी : तुळई? तुळई कशाला? कोण आहे हा शहाणा?

एजंट : अहो, भार आहे म्हणताय ना.

गवंडी : लिंटल आहे वर! बांधतानाच टाकलंय.

एजंट : लिंटल म्हणजे ती खिडकीवर असते ती सिमेंटची पट्टी?

गवंडी : तीच. आणि खालच्या विटा नुसत्या मातीत लावल्यात, सिमेंटचं बोटसुद्धा लावलेलं नाही. सकाळी बसलं तर जेवायच्या आत खिडकीची जागा मोकळी होईल. माझ्या कामात हा तुळई टाकणार म्हणे!

एजंट : वा! मग तर मिटलंच. काकू, बघा, मिस्त्रींनी किती पुढचा विचार... काकू?

बायको : काही नाही. तू ये आता. तुझा चहा पुढच्या वेळी.

एजंट : हो... येतो. रविवारी पार्टीला घेऊन येतो मग.

(एजंट जातो. स्वयंपाकघरात दोघंच उरतात.)

गवंडी : दम्याचा पंप घेतलास का?

बायको : मातीत लावल्यात.

गवंडी : हं.

बायको : म्हणजे खिडकीच होती ती.

गवंडी : व्हायची होती. सुताराकडून चौकट आली नव्हती, म्हणून तात्पुरतं बुजवलं. आम्ही तसंच करतो, पुढं उघडायचं असेल तिथं माती लावतो. मनात होतं, महिन्याभरात काढू.

बायको : मग?

गवंडी : मग काय. दिवसभर लोकांच्या भिंती. घरी आलो की थापीकडे बघवायचं नाही. तू म्हणायचीस, मी उद्यावर ढकलायचो. एकदा फारच मागे लागलीस, तेव्हा तोंडातून निघून गेलं, भार आहे म्हणून. तू गप्प बसलीस. मला सुटल्यासारखं झालं.

बायको : विश्वास ठेवला हो मी. गवंडी सांगतोय म्हटल्यावर कोण नाही ठेवणार? शेजारणीलासुद्धा सांगायचे, आमच्या घराचा सगळा भार माझ्या ओट्यामागं आहे म्हणून. कौतुकानं सांगायचे.

गवंडी : पुढं खरं बोलायला तोंड उरलं नाही.

बायको : आणि आज बरं उरलं. त्या पोरानं तुमच्या कामाला नाव ठेवलं म्हणून.

गवंडी : ...काढून टाकू का? पार्टीलाही बरं दिसेल.

बायको : पार्टीला नको. तिनं दिवा लावावा माझ्यासारखा. मुलाकडं काय, ओटा सूनबाईचा. चांगली आहे ती, पण ओटा तिचा. माझा असा हा एकच होता.

गवंडी : पार्टीला नाही. सरक जरा. भिंतीवरचं फडताळ उतरवायला हात लाव.

बायको : आत्ता? गुडघे बघा आधी आपले.

गवंडी : बसून जमतं. छिन्नी दे ती. डबे बाजूला घे, धूळ पडेल. आणि पदर धर नाकाला.

बायको : हळू.

गवंडी : अगं, हळूच आहे. बघ, नखानं माती निघतेय. ...ही आली.

बायको : वारा आला.

गवंडी : काय दिसतंय?

बायको : काय दिसणार? शेजारणीची दोरी. दोन चादरी वाळतायत.

गवंडी : तेच तर. मी मनाची समजूत घालायचो, नाहीतरी तिकडं बघण्यासारखं काय आहे.

बायको : बघायला कुठं मागत होते मी? आयुष्यभर रॉकेलच्या स्टोव्हपुढं उभी होते. धूर जायला मागत होते.

गवंडी : पंप कुठं ठेवलायस?

बायको : राहू दे. अजून एक वीट काढा.