दोन रीसेट, तीन गणेश

नाव सारखं असलं की काय घोळ होते, ते मले पांढरकवड्याच्या एका कापसाच्या जिनिंगमधी समजलं. तिथल्या वजनकाट्याचा जुना प्रोग्राम सी भाषेत होता. मी गाड्यांच्या रांगेतल्या नंबरांची यादी पायथन भाषेत लिहिली अन् काट्याची जुनी फंक्शनं त्यातच सरसकट आणून टाकली. जुन्यात एक रीसेट होतं, काटा शून्यावर आणणारं. माह्यातही एक रीसेट होतं, संध्याकाळी यादी पुसणारं. माहं मागून आलेलं, म्हणून रीसेटले हाक मारली की तेच धावत येत होतं.

पहिल्याच सकाळी पन्नास गाड्यांचे नंबर लागले. पहिली गाडी काट्यावरून उतरली अन् काटा चालवणाऱ्या रामधननं शून्याचं बटन दाबलं. काटा तसाच राह्यला, यादी साफ.

“गणेशभाऊ, नंबर कुठी गेले?”

“दोघायचं नाव एकच झालं ना. हाक भलत्यालेच गेली.”

“आमच्या तांड्यात तीन गणेश हायेत. नुसतं गणेश म्हणून कोणी हाक मारते का? टॉवरवाला गणेश, बकरीवाला गणेश, असं म्हणा लागते.”

बाहेर गाडीवाले एकमेकांच्या अंगावर जाऊन राह्यले होते. मी जुन्या फंक्शनांच्या नावापुढं ‘काटा’ जोडलं. दोन मिनिटांचं काम. यादी मात्र रामधननं फाटकावर उभं राहून, एकेकाले विचारत परत लावली. त्यात दुपार झाली.

निघताना मी म्हटलं, “माहा नंबर ठेव, अडलं तर फोन कर.”

“सकाळीच ठेवला,” म्हणत त्यानं मोबाइल दाखवला.

गणेश यादीपुस्या.