तिखट पोह्यांची परीक्षा

वहिनींनी हे पहिल्या चहाला विचारलं की दुसऱ्या, ते मला नीट आठवत नाही. पण विचारलं नक्की. सौंसरला पुतणीला पाहायला त्या दिवशी मोहगावचा मुलगा येणार होता.

"भाऊजी, पाहायला आलेला पोरगा गोडच बोलते. रागीट असन तर? कालपासून तोच विचार करून राहिली मी. तुमच्या प्रयोगशाळेत नवा जीन कोणत्या पेशीत गेला, हे कसं ओळखत होते तुम्ही?"

"विषाणूच्या हातून जीन पाठवताना सोबत अँटिबायोटिक सोसण्याचाही जीन द्यायचो. मग ते औषध ओतायचं. जगल्या त्या आपल्या. पण वहिनी, साध्या पेशी त्या औषधानं मरतात ना, हे आधी पाहावं लागतं."

"तेवढा वेळ कोणापाशी हाये!"

दुपारी त्यांनी मुलाच्या पोह्यांत मूठभर मिरच्या वाटून घातल्या. मी घाबरून पाण्याचा तांब्या घेऊनच बसलो. त्यानं शांतपणे बशी संपवली.

"काकू, अजून थोडे द्या न."

"पास!" वहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या.

लग्न झालं, जावई शांत निघाला. मला मात्र त्या परीक्षेबद्दल शंका होतीच. काही वर्षांनी मोहगावला विहीणबाईंच्या हातचे पोहे खाल्ले आणि खात्री पटली. त्यांच्या घरचे रोजचे पोहे वहिनींच्या त्या पोह्यांहून तिखट होते.