काळ्या खिडकीचा फोन

— नाही गं, तो नको. शेजारचा बघ, नवा आहे, तीन-तीन कॅमेरे... तोच बघायचाय? बघ बाई, बघायला काय जातंय. जुना झालाय तो. पण घडण बघ — पाठ नखाने उघडते, बॅटरी बोटाने निघते, इयरफोन लावायला भोक आहे, हातात धरलं की धरल्यासारखं वाटतं. आताचे फोन म्हणजे नुसते साबण, हातात राहतील तर शपथ. आणि ही वरच्या काठावरची काळी खिडकी? ती कसली म्हणून विचारू नकोस. विचारलंसच? अगं, रिमोट आहे तो. कुठलाही टीव्ही त्याचं ऐकतो. नव्या फोनांतून काढून टाकली ही सोय — का, तर म्हणे कुणी वापरत नाही. मी वापरते ना. समोर दार्मोचा कॉफीचा ठेला — आपल्या सुराबायाची फुटबॉल मॅच असली की अख्खा बाजार तिथे टीव्हीपुढे. पेनल्टीला चेंडू ठेवलाय, सगळे श्वास रोखून — आणि मी इथून, केळ्याची भजी खात, एक बटण. काळोख. काय एकेकाची तोंडं होतात म्हणून सांगू. लोकांनी ठरवलंय, टीव्हीत कुणीतरी बसलंय. त्याला खूश ठेवायला दार्मो टीव्हीपाशी फुलं ठेवतो, बिनसाखरेची कॉफी ठेवतो. हसू नकोस, मलाही हसू येतं. मग तो येतो इथे, टॉवेल खांद्यावर टाकून — 'बू लस्मी, टीव्ही पुन्हा गेला, जरा बघता का' — कारण या गल्लीत दुरुस्ती मीच करते. मी जाते, मागची वायर उगाच हलवते, खिशातून खिडकीपुरता वर काढून बटण दाबते. मॅच संपली, गर्दी पांगली की तो कॉफी देतो, आम्ही बसतो. नवरा गेल्यापासून माझ्याशी धंद्याखेरीज बोलतं कोण? तो बोलतो. छान बोलतो. त्याला हे कळलं तर परत दुकानाची पायरी चढायचा नाही. बाई, हे मी तुला कशाला सांगत बसलेय.

म्हणून म्हणते, तो फोन विकायचा नाही... काय? मामाने पाठवलंय? कोण मामा? — दार्मो? तू दार्मोची भाची? मग आधी नाही का बोलायचं, भवाने, मला सगळं ओकू दिलंस. आणि नेमकं काय म्हणाला तो — 'वर काळी खिडकी असलेलाच आण'? म्हणजे त्याला माहीत आहे. कधीपासून? पहिल्यापासून? मग ती फुलं, ती कॉफी — सगळी लोकांना दाखवायला? आणि मी तिथे वायर हलवत बसते, तो बघत असतो, वर मला कॉफी पाजतो... आज फायनल म्हणून घाबरलाय, होय ना?

पैसे आत ठेव. ठेव म्हटलं ना. जा, आणि सांग त्याला, फोन मिळायचा नाही. काय बोलायचंय ते स्वतः येऊन बोल म्हणावं — निमित्ताशिवाय, टीव्ही चालू असताना.