गेमचा डबा : प्लायचा का एमडीएफचा?

भगवानराव : पण बनवायचंय काय, ते तरी सांगा. तासाभरात दोनदा बदललंत. आधी एमडीएफ, मग प्लाय, आता परत एमडीएफ.

सुग्रीव : तर काय करू मालक? मोबाइलवरच्या व्हिडिओत ज्यानं बनीवलंय त्यो म्हणतो एमडीएफच घ्या. आमच्या गावचा धोंडीराम सुतार म्हणतो, एमडीएफचं नाव काढू नको. आन् तुमच्या दुकानातला माणूस म्हणला, पार्टिकल बोर्डबी चालतंय. मी कुणाचं ऐकू?

भगवानराव : टीव्हीचं कपाट आहे का?

सुग्रीव : टीव्ही असतोय त्यात. पण कपाट न्हाई.

भगवानराव : मग देवघर?

छबुबाई : देवघर असतं तर मी कपाळ धरून बसले असते का? गेमचा डबा हाय. पोरं उभ्यानं खेळायची न्हाई का पूर्वी, दांडा हालवून, बटनं दाबून? तसला. आमच्या भावजींना त्यो ओसरीत मांडायचाय.

भगवानराव : ओसरीत? आणि खेळणार कोण?

सुग्रीव : माझा मोठा भाऊ. म्हाळूदादा. ह्या त्याची मंडळी, माझ्या वैनी.

भगवानराव : वय काय भावाचं?

छबुबाई : चाळीस. पोळ्याच्या दिवशी अंगावरून वारं गेलं. उजवा हात पडला. डॉक्टर म्हणतेत बोटं हालती ठेवा. दाबायला रबरी चेंडू दिला, त्यो ह्यांनी भिताडावर हाणला.

सुग्रीव : म्हणून मला वाटलं, लहानपणीचा गेम दिला तर हात चालंल. मी कारखान्यात फिटर हाय. यंदा ऊसच न्हाई, गाळप बंद. हाताला काम न्हाई, तवा म्हणलं बनवावा आपुनच.

भगवानराव : मीही सभासद आहे त्या कारखान्याचा. धुराडं पेटलेलं बघायला डोळे शिणले. बरं, इकडे बघा. एमडीएफ म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेला. लोण्यासारखा कापला जातो, रंग झकास बसतो. पण कडेला स्क्रू मारला की फुटतो, आणि पाणी लागलं की फुगतो.

छबुबाई : पाणी? आठ दिसाला टँकर येतोय आमच्याकडं. फुगंल एवढं पाणी घावलं तर मीच आधी पिऊन घेईन.

सुग्रीव : हां, मग ठरलं. एमडीएफ.

भगवानराव : थांबा हो. एकेक शीट चाळीस किलोची आहे. प्लाय हलका. पातळ थर एकावर एक चिकटवलेले, स्क्रू पक्का धरतो.

सुग्रीव : मग प्लाय द्या.

भगवानराव : फक्त कापताना कड उसवते.

सुग्रीव : आता हो? मला बाजू गोलाकार कापायचीय! मालक, माझं डोस्कं बंद पडलंय.

छबुबाई : मला एकच सांगा. अंग टाकून टेकलं तर कोन्तं टिकतंय?

सुग्रीव : टेकायचं कशापायी, वैनी? खेळायचंय त्याला.

छबुबाई : भावजी, तुमी येता, दोन शब्द बोलता, जाता. उभं मी करते त्यांना. उभं ऱ्हायले की सगळा भार डाव्या हातावर टाकतेत. मागल्या महिन्यात खुर्चीला टेकले, खुर्ची मोडली, तोंडावर पडले. तवा कुठं होता तुमी?

सुग्रीव : कारखान्याच्या गेटवर. बैठकीला गेलतो.

छबुबाई : मी एकटीनं उचललं.

सुग्रीव : सांगितलं न्हाई तुमी.

छबुबाई : कुणाला सांगू?

भगवानराव : बाई, हे आधी सांगायचं. माणसाचा भार येणार असेल तर प्रश्नच नाही. प्लाय घ्या, एकोणीस एमएमचा. आत लाकडी चौकट करा, बूड रुंद ठेवा, मागून लोखंडी पट्टीनं भिंतीला आवळा.

सुग्रीव : पण मोबाइलवाला तर...

छबुबाई : मोबाइलवाल्याच्या भावाच्या अंगावरून वारं गेलतं का?

सुग्रीव : न्हाई. द्या मालक, प्लाय द्या.

(बारा दिवसांनी. म्हाळूच्या घराची ओसरी, दुपार.)

सुग्रीव : हळू, दादा. डावा हात हितं कडंला धर. आता टाक भार. टाक बिनधास्त.

छबुबाई : मी मागं हाय.

म्हाळू : खर... खरबरीत.

सुग्रीव : कड उसवली माझ्याकडून. घासतो पुन्यांदा. पण हालतंय का?

म्हाळू : न्हाई.

सुग्रीव : आता उजवा हात बटनावर. ठेवा, वैनी, त्याचा हात. दांडा मी धरतो. वळखलं का? इमानाचा गेम, आभाळात गोळ्या झाडायचा! माजलगावात स्टँडामागं होता बघ. आई-बाप ऊसतोडीला गेलते. तू त्या दुकानात काचा पुसायचास. मालक जेवाया गेला की आपुन दोघं खेळायचो...

म्हाळू : तू.

सुग्रीव : काय?

म्हाळू : तू... खेळायचास. मी... न्हाई.

सुग्रीव : आसं कसं? माझ्या शेजारी तर उभा असायचास. रोज.

म्हाळू : दाराकडं... बघत. मालक... येतोय का.

सुग्रीव : म्हंजे एकदाबी न्हाई?

म्हाळू : न्हाई.

सुग्रीव : वैनी, मला तर वाटलं दादाला ह्याचा लई नाद. बारा दिस मी हे कुणासाठी...

छबुबाई : भावजी, गप बसा. बोटं बघा त्यांची.

सुग्रीव : तुमी दाबताय ना?

छबुबाई : मी कवाच हात काढलाय.

म्हाळू : सुग्या... इमान... उडतंय कशानं?