भिंतीवरनं गेलेली मोटार

वडलांची जुनी मोटार मी अंगणातच सुटी केली, दोन वर्षं खपून रंगवली आणि परत जोडली. बायको नारळ घेऊन आली अन् म्हणाली, "भाईर कशी काढणार?"

मधल्या काळात कंपाउंड बांधलेलं. फाटकाचं माप मीच दिलेलं, स्कूटर बघून.

"भिंत फोडू?"

"हात लावून बघा."

मग शेजारच्या तालमीतनं बारा पैलवान बोलावले. त्यांनी गाडी त्या गुडघाभर भिंतीवरनं उचलून अलगद रस्त्यावर ठेवली. रंगाला ओरखडा न्हाय.

मी वस्तादांना म्हटलं, "आता परत आत कशी न्यायची?"

"त्यात काय? उद्यापासनं पोरांच्या बैठका बंद. सकाळी गाडी भाईर, सांजला आत. दुधाचं तेवढं वहिनींना सांगा."