शेंदराखालचा नंबर

आमच्या झरी गावच्या घरात एक नियम होता: आजोबांच्या जुन्या दोनसीटर गाडीच्या चेसिसवरचा, म्हणजे लोखंडी सांगाड्यावरचा, शेंदूर खरवडायचा नाही, आणि का ते विचारायचं नाही. दर खंडेनवमीला त्यावर नवा थर चढायचा. तर परवा मोठे बाबा, म्हणजे माझे थोरले चुलते, वेल्डरला घेऊन आले.

"जीपचं भंगार हाय. कापून ट्रॉली करू," ते म्हणाले.

"खरवडायचं नाही, पण कापलेलं चालतं?" मी विचारलं.

"लय शिकलीस! गप बस."

मी गप बसले आणि डिझेलच्या चिंधीनं चेसिस घासायला लागले. थर निघाला आणि माझा हात थांबला. शेंदराच्या तेलानं आत गंज शिरूच दिला नव्हता. खाली इंग्लंडच्या एका स्पोर्ट्स कार कंपनीचं नाव होतं, पुढे एकेक आकडा हातोडीनं ठोकलेला. त्यातला सात जरा कललेला. तिकडच्या कुण्या कारागिराचा हात हलला होता, आणि ते मला झरीत, काल घडल्यासारखं दिसत होतं.

वेल्डर पुटपुटला, "आई शप्पथ, ही जीप न्हाई."

मोठे बाबा म्हणाले, "बघितलंस ना? आता शेंदूर लावून नंबर झाक अन् बाजूला हो, कापू दे."

"लावणार नाही. हलणारही नाही," म्हणत मी चेसिसवरच बसले.

मोठे बाबा आवाज ऐकून बाहेर आलेल्या माझ्या बाबांकडे बघायला लागले. बाबा वाकून तो सात बोटानं चाचपत होते. मग तेही माझ्या शेजारी चेसिसवर बसले.