शेवटचा तुकडा आणि पोस्टडॉकची जागा

...अहो, नाही म्हणा ना! तोंडावर नाही म्हणा, मी रडेन, भांडेन, मोकळी होईन! पण आमच्या स्वीडनमध्ये तोंडावर नाही म्हणतंय कोण? तुम्हाला सांगते, डॉक्टरेट झाल्यापासून इथल्या विद्यापीठात पोस्टडॉकच्या, म्हणजे डॉक्टरेटनंतरच्या संशोधनाच्या, जागेसाठी मी खेटे घालत होते, आणि दर वेळी तेच, मान तिरकी करून, "तूवा, सगळ्यांचं मत घेऊन कळवतो हं!"

माझा विषय दगडफुलं. हसू नका! हिवाळाभर रेनडिअर तीच खातात, आणि त्यात... जाऊ दे. मुद्दा काय, डॉक्टरेटला तीन वर्षं झाली की पोस्टडॉकचं दार बंद. माझी यंदाच्या जूनमध्ये होणार होती. म्हणजे ही शेवटची संधी! नाहीतर आई टपलेलीच होती फोनवर, "मावशीच्या दुकानात ये की, बर्फातले बूट विकायला!"

तर मुलाखत. प्रोफेसर गुनवोर म्हणाल्या... म्हणाल्या कसलं, आमच्यात प्रोफेसरलाही अगं-तुगंच. तर गुनवोर म्हणाली, "तू चांगली संशोधक आहेस असं वाटतं तुला?" आली का पंचाईत! स्वतःची टिमकी वाजवायची नाही, हे आम्हाला दुधाबरोबर पाजलेलं. मी म्हटलं, "तशी... बरी आहे." माझ्यामागून दुसरा उमेदवार गेला, यालमार. तो आत जाऊन काय म्हणाला असेल? "तसा... बरा आहे!"

आता निवडणार कसं? मग काय, कॉफी! अख्खा विभाग टेबलाभोवती, मध्ये चॉकलेटचा केक. बघता बघता एकच तुकडा उरला, आणि शेवटचा तुकडा घेईल तो आमच्यात हावरट! गुनवोरनं त्याचा अर्धा कापून घेतला. विभागातल्या टोर्स्टेननं उरलेल्याचा अर्धा. यालमारनं त्याचा अर्धा... शेवटी नखाएवढा राहिला, सगळे बघतायत, हात कुणी लावत नाही! माझं डोकंच फिरलं हो. तीन वर्षं माझी अशीच कापत आणलीत ना तुम्ही? उचलला, आणि टाकला तोंडात!

टोर्स्टेनचा कप हवेतच राहिला.

"तूवा... घेतलास तू?"

"घेतला! कुणीतरी घ्यायला नको? आणि ऐका, मी बरीबिरी नाहीये, चांगली आहे! या जागेसाठी सगळ्यांत चांगली! सॉरी यालमार!"

यालमार म्हणतो, "नाही नाही, बरोबर आहे तिचं."

आणि गुनवोर? मान तिरकी. "सगळ्यांचं मत घेऊन कळवते हं!"

मे संपत आला तेव्हा गुनवोरचा फोन. "तूवा, एकमत झालं! तूच सगळ्यांत चांगली!" मी खुर्चीवर चढून नाचले! तर पुढे म्हणते, "पण यालमारला वाईट वाटेल, यावरही एकमत झालं. म्हणून जागेचे दोन भाग केलेत. अर्धी तुला, अर्धी त्याला."

"मला अख्खी हवी!" मी ओरडले.

"हो? मग पुन्हा सगळ्यांचं मत..."

"नको! घेते! अर्धी तर अर्धी!"

तर लागले नोकरीला. पगार अर्धा, टेबलही अर्धं... बैठका मात्र अख्ख्या!